नळाची मोरी

आनंदराज हनवते यांना शब्द चुकलेला खपत नसे. माणूस चुकला तर ते समजून घेत, गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत. पण शब्द चुकला की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. आता यात त्यांचा तरी काय दोष? नांदेडच्या रेल्वे कचेरीत त्यांची उभी नोकरी पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेली होती. 'विलंब' कुठं लिहायचं आणि 'दिरंगाई' कुठं, यावर ते साहेब लोकांशी वाद घालत आणि वाद घातलेल्या प्रत्येक साहेबाची पुढं बदली झाली, असं ते सांगत. बदल्या रेल्वेच्या नियमानं सगळ्यांच्याच होत असतात, एवढा तपशील ते सांगताना गाळत.

निवृत्त झाल्यावर हनवते साहेब आणि पंचशीलाबाई लोह्याच्या अलीकडं आमच्या माळवंडीत, आपल्या गावी, घर बांधून राहायला आले. गावात शांतता असते म्हणे. ही समजूत ज्यानं पसरवली त्याला एकदा सकाळी आमच्या विहाराशेजारच्या नळावर उभा करायला पाहिजे.

तसा हनवत्यांच्या घरातही नळ आला होता. नळात पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. ग्रामपंचायतीनं जोडणीची फी घेतली, पाणीपट्टी आगाऊ घेतली, पावती दिली, आणि मग सगळे जण पाण्याची वाट बघत बसले, त्यात ग्रामपंचायतही आली. तोवर सगळी आळी त्या सार्वजनिक नळावर. भांडी तिथं, धुणं तिथं, सुनांची गाऱ्हाणी तिथं, सासवांची त्याहून मोठी गाऱ्हाणीही तिथंच. नळाखाली ना फरशी, ना पाणी जायला वाट. मग पाणी आपल्या मनानं जायचं, आणि त्याला नेमकं हनवते साहेबांच्या दारापुढं जाऊन बसावंसं वाटायचं.

त्या चिखलात दिवाळीच्या तोंडावर पंचशीलाबाई घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून, हात गळ्यात अडकवून त्या लोह्याहून परत आल्या तर नळावर सगळ्या बाया जमलेल्या. त्यांच्यादेखत पंचशीलाबाई म्हणाल्या, "आदर्शचे पप्पा, रेल्वेत तुम्ही लई कागद हलवले म्हणता. आता एवढं पाणी हलवून दाखवा."

बाया हसल्या. आणि नवरा कितीही शहाणा असला तरी बाया हसल्यावर तो शहाणा राहत नाही. साहेब ताठ झाले आणि म्हणाले, "भीमजयंतीच्या आत इथं पक्की मोरी झाली नाही, तर नाव लावणार नाही."

"कुनाचं?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"माझं!"

पंचशीलाबाईंनी दारात पाण्यानं भरलेली एक बादली आणि लोटा ठेवला, नळावरून आलं की चिखलाचे पाय धुवायला. ती बादली तेव्हापासून तिथंच होती, आणि येता-जाता साहेबांना ती दिसायची.

समोरचे ग्यानोबा हे शेतकरी गडी. शेत गावाबाहेर आणि सल्ले गावात, अशी त्यांनी वाटणी केलेली. ते म्हणाले, "साहेब, चार फरश्या आना, सिमिटाचं एक पोतं आना. दुपारपातूर लावून देतो. हाय काय आन न्हाई काय!"

आता खरं सांगायचं तर गोष्ट इथंच संपायला पाहिजे होती. पण साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ग्यानोबा, जागा सार्वजनिक. सार्वजनिक जागेवर खाजगी बांधकाम म्हणजे अतिक्रमण. नियमात बसत नाही."

"फरशीवर बाया बसतेत साहेब, नियमाला कशाला बसवता?"

पण साहेबांचं ठरलं होतं. काम सरकारी निधीतून, रीतसर, मंजुरीनं होणार. योग असा की त्याच आठवड्यात आमच्या गटाच्या झेडपी सदस्य सुकन्याताई गावात यायच्या होत्या. वर्षाचा निधी वाटायचा होता आणि कुणाला काय पाहिजे ते त्या गावोगाव जाऊन विचारत होत्या. जेवताना पंचशीलाबाई डाव्या हातानं चमच्याशी झटापट करत म्हणाल्या, "साधं सांगा हां. नळाजवळ नाली पाहिजे म्हना. सगळ्याला कळतंय."

"नाली म्हणजे नुसती पाण्याची वाट," साहेब म्हणाले. "फरशी असते, कडेला बांध असतो, बसून भांडी घासता येतात आणि पाणी कोपऱ्यातून निघून जातं, ती मोरी. शब्द नेमका पाहिजे. शब्द नेमका असला की काम नेमकं होतं."

पंचशीलाबाईंनी भात कालवायचं थांबवून नवऱ्याकडं बघितलं. असं बघणं त्यांना लग्नापासून जमत आलं होतं.

समाजमंदिरात बैठक भरली. कुणी सभागृह मागितलं, कुणी स्मशानभूमीला कंपाउंड मागितलं, एकानं सरळ 'जे उरंल ते द्या' म्हणून सांगितलं. सुकन्याताई बाई मोकळ्या मनाची, सगळ्यांना 'हो, हो' म्हणत होती. मग हनवते साहेब उठले. त्यांनी घसा साफ केला. "ताई, आमची मागणी अल्प, परंतु निकडीची आहे. पाण्याचा निचरा होण्याकरिता आम्हाला नळाची मोरी हवी. पक्की, भक्कम, शासकीय दर्जाची. वर्षानुवर्षं टिकेल अशी."

एवढं शुद्ध मराठी माळवंडीत फार दिवसांनी ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुकन्याताई खूश झाल्या. शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "लिहून घे रे. माळवंडी, नळाची मोरी. झालंच समजा साहेब!"

आणि नवल म्हणजे झालंच. सभागृहवाले अजून वाट बघत आहेत, कंपाउंडचा पत्ता नाही, पण मोरी संक्रांतीच्या आधी मंजूर झाली. सरपंच रामलिंगआप्पा स्वतः पेढे घेऊन साहेबांच्या घरी आले. साहेबांना जरा नवल वाटलं. मोरीला पेढे? पण निधी आणायची सवय नसलेल्या गावाला कशाचंही कौतुक असतं, असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला. पंचशीलाबाईंनीही डाव्या हातानं एक उचलला आणि बरेच दिवसांनी हसून म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला वजन हाय की!"

ते वजन चार दिवसांनी ट्रकमधून आलं.

सिमेंटचे नळे होते. एकेक नळा एवढा मोठा की ग्यानोबांची शेळी एका तोंडातून शिरली आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर येऊन, काय समजायचं ते न समजून, परत आत गेली. पाठोपाठ खडी आली, वाळू आली, सळया आल्या, आणि कामाचा ठेका घेतलेले उदगीरकडचे धोंडप्पा गुत्तेदार आले. साहेब धावत बाहेर गेले.

"अहो गुत्तेदार, पत्ता चुकला तुमचा!"

"न्हाई री साहेब. माळवंडी हेच की. नळकांडी मोरी, विहाराच्या वाटेवर."

"कसली मोरी?"

"नळ्याची मोरी री. खालून पाणी जातंय, वरून गाडी जाती. ल्हान पूल म्हना की." धोंडप्पांनी प्रेमानं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमीच मागितली म्हनं. लई चांगलं काम केलाव."

साहेबांच्या डोळ्यांपुढं ती बैठक सरकन उभी राहिली. नळाची मोरी! घरात भांडी घासायची ती मोरी, आणि बांधकाम खात्याच्या भाषेत रस्त्याखालून पाणी काढायचा पूल तीही मोरीच. वर आपण म्हणालो नळाची, भक्कम, पाण्याच्या निचऱ्याकरिता. उभ्या नोकरीत ज्यानं एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याच्याच तोंडून पूल निघाला होता.

मागून पंचशीलाबाई आल्या, नळ्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "आपल्या भांड्याला एवढं पानी लागतंय का हो?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इस्त्रीचे कपडे घातले आणि जिल्ह्याच्या कचेरीची वाट धरली. वाटेत त्यांना खात्री होती की पाच मिनिटांचं काम आहे. सुशिक्षित माणसानं सुशिक्षित माणसाला एक शब्द समजावून सांगायचा. बांधकामाच्या टेबलावर चष्मेवाला कारकून होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही काय मागितलं होतं?"

"मोरी."

"आम्ही काय मंजूर केलं?"

"मोरी."

"मग तक्रार काय आहे?"

"ती मोरी वेगळी हो! जिच्यात बसून भांडी घासतात ती!"

"शासनाच्या मोरीत बसून भांडी घासता येणार नाहीत," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती. "वरून वाहनं जातात."

पाणीपुरवठ्याच्या टेबलावर कळलं की भांडी घासायच्या जागेला 'धुण्याचा कट्टा' म्हणतात. साहेब म्हणाले, मग कट्टा द्या. ते म्हणाले, त्या जागेवर आधीच मोरी मंजूर आहे, एका जागेवर दोन कामं बसत नाहीत. साहेब म्हणाले, मोरी परत घ्या. हे ऐकून तिथले चौघं एकदम कामाचे हात थांबवून त्यांच्याकडं बघायला लागले. निधी मागायला आलेली माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. परत द्यायला आलेला हा पहिलाच.

"परत घेण्याची तरतूद नाही," त्यातला मोठा म्हणाला. "फार तर शब्दाची दुरुस्ती करता येईल. त्याला ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि दुरुस्तीची फी खाली खिडकीत भरा."

साहेबांनी फी भरली. खिडकीतल्या बाईंना घाई होती. त्यांनी पावतीवर 'मोरी दुरुस्ती' एवढंच लिहिलं. जिना उतरताना साहेबांच्या मनात एक विचार येऊन गेला की हा चष्मेवाला अगदी आपल्यासारखा बोलतो. हा विचार त्यांना अजिबात आवडला नाही.

ग्रामसभेत तर वेगळाच तमाशा. साहेबांनी ठराव मांडला की कागदावरची 'मोरी' खोडून तिथं 'धुण्याचा कट्टा' लिहावं. मग रामलिंगआप्पा उठले आणि आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले, "साहेब, शेजारच्या गावाला वढा हाय, पूल न्हाई. पंधरा वर्सं झाली, बोंबलून राहिलेत. आपल्याला पूल मिळून राहिला, आन तुम्ही नको म्हनून राहिले?"

"आप्पा, पण आपल्याकडं ओढाच नाही!"

"वढ्याचं बघू की पुढच्या टर्मला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव पडला. ग्यानोबासुद्धा टाळ्या वाजवत होते. नंतर म्हणाले, हात आपोआप वाजला. त्या दिवसापासून गावात साहेबांना कुणी हनवते साहेब म्हणेना. मोरीसाहेब! पोरंटोरं म्हणायची ते एक वेळ चाललं असतं, पण पोस्टमनसुद्धा सायकलवरून 'मोरीसाहेबांचं घर कुठलं' म्हणून विचारत आला आणि लोकांनी बरोबर घर दाखवलं.

पंचशीलाबाई मात्र एका शब्दानं टाकून बोलल्या नाहीत. तेच साहेबांना जड जात होतं. प्लास्टर निघालं, पण मनगटात पूर्वीचा जोर येईना. गुत्तेदाराच्या ट्रकांनी नळापुढचा चिखल आणखी कालवून ठेवला होता. त्यातून त्या डाव्या हातात घागर धरून, भिंतीला टेकत, जपून येत. दारात आल्या की बादलीतलं पाणी पायांवर घेत आणि बादली पुन्हा भरून ठेवत. साहेब वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसत. त्यांना फार वाईट वाटायचं. एवढा शब्द दिला आणि तोही बायकोला, आणि तिच्या दारात चिखल तेवढा दुप्पट करून ठेवला, हे त्यांना स्वतःशीसुद्धा शुद्ध मराठीत मांडता येत नव्हतं.

मार्च उजाडला. पूल, म्हणजे मोरी, उभी राहिली. दोन्ही बाजूंना पिवळे-काळे पट्टे ओढलेले कठडे, वर सिमेंटचा गुळगुळीत रस्ता, खाली दोन नळे, आणि नळ्यांत ग्यानोबांची शेळी दुपारची झोपलेली. धोंडप्पांचं बिल तेवढं निघायचं होतं. ते मार्चअखेर निघालं नसतं तर निधी गेला असता आणि धोंडप्पांची झोपही.

आणि नेमका त्याच वेळी तपासणीला इंजिनियर आला. अमरेश नावाचा, नवाच लागलेला, हातात मोबाइल.

"मोरी खराब झाल्याची तक्रार आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीची फीसुद्धा भरलेली दिसते."

धोंडप्पांचा चेहरा पडला. "अय्यो! अजून सिमिट वाळलं न्हाई री! कोन भरलं फी?"

सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी आकाशाकडं बघितलं.

अमरेशनं मोरी ठोकून बघितली, मोजून बघितली, वाकून बघितली. काम चांगलं होतं. मग त्यानं मोबाइल काढला आणि विचारलं, "पाणी कुठंय?"

"कसलं पानी?"

"मोरीखालून पाणी वाहताना फोटो लागतो. त्याशिवाय काम पूर्ण दाखवता येत नाही."

"टँकर वततो की साहेब! दोन वततो!"

"टँकरचं नाही चालत. कायमचा प्रवाह पाहिजे. प्रवाहच नाही तर मोरी कशाला बांधली, असं वरून विचारतील. मग मी काय सांगू?"

रामलिंगआप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पुढच्या टर्मचा ओढा इतक्या लवकर लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. धोंडप्पा तर कठड्यावर मटकन बसले. तसा तो गडी साहेबांनाही आवडायला लागला होता. रोज कामावर आला की 'अक्का, मनगट कसं हाय' म्हणून पंचशीलाबाईंना विचारायचा.

त्या तेव्हा नळावरच होत्या. डाव्या हातानं पातेलं विसळत होत्या. ते विसळलेलं पाणी त्यांनी जमिनीवर ओतलं, ते घरंगळत आपल्या दाराकडं निघालेलं बघितलं, आणि तिथूनच हाक दिली, "पानी पाहिजे का हो? आमच्या दारात लई हाय. घिऊन जा!"

अमरेश नळापाशी आला. चिखल बघितला, उतार बघितला, मागं वळून मोरीकडं बघितलं.

"हे पाणी रोज असतं?"

"रोज!" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात लुगडी जास्त धुतो भाऊ," एक जण म्हणाली.

"मग हेच वळवा मोरीकडं," अमरेश म्हणाला. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "पण कागदावर काय म्हणायचं? मोरी म्हणता येत नाही, मोरी झाली. कट्टा आमच्या खात्यात नाही. नाली म्हटलं तर ते ग्रामपंचायतीचं काम."

धोंडप्पा साहेबांकडं बघायला लागले. आप्पा बघायला लागले. नळावरच्या बायाही बघायला लागल्या. हनवते साहेब चष्मा पुसत होते. किती तरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची ती शीर उडाली.

"लिहा," ते म्हणाले. "मोरीच्या मुखापर्यंत जलप्रवाह आणणारा फरसबंद मार्ग."

अमरेश बोलत बोलत लिहायला लागला. "फरसबंद. म्हणजे फरशी आली."

"मार्गाच्या दोन्ही कडांना बांध, प्रवाह भरकटू नये म्हणून."

"बरोबर."

"आन बसायला?" पंचशीलाबाईंनी हळूच विचारलं.

साहेबांनी एक क्षणही घेतला नाही. "प्रवाहाच्या उगमस्थानी सपाट, रुंद फरशी. उगमाचं संरक्षण व्हावं म्हणून."

"उगमस्थान म्हणजे?" अमरेशनं विचारलं.

"नळ," साहेब म्हणाले.

धोंडप्पांनी त्याच दिवशी माणसं लावली. बिल अडकलेल्या गुत्तेदाराचा उरक काय वर्णावा! फरश्या बसल्या, कडेला बांध झाले, कोपऱ्यातून पाण्याला वाट झाली आणि ती वाट थेट पुलाखाली गेली. सुकन्याताई उद्घाटनाला आल्या. फीत कापली आणि म्हणाल्या, आता पाणी सोडा. पंचशीलाबाईंनी नळ सोडला. पाणी फरशीवरून वळलं, बांधाला लागून गेलं, आणि लहानशी धार पुलाच्या नळ्यात शिरली. शेळी ओरडत बाहेर पळाली. अमरेशनं फोटो काढला. रामलिंगआप्पा भाषणात म्हणाले की माळवंडीला आज पूल आणि ओढा दोन्ही मिळाले. ग्यानोबा साहेबांच्या कानात म्हणाले, "मी म्हनलं होतं ना, चार फरश्या?" साहेबांनी त्यांना जिलेबी दिली.

भीमजयंतीच्या सकाळी पंचशीलाबाई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेल्या. परत येताना नळावरून आल्या. दारात आल्यावर सवयीनं बादलीपाशी थांबल्या, साडी जरा वर धरली, आणि मग खाली पायांकडं बघितलं. पाय कोरडे होते. मग वाकून बादली उचलली आणि त्यातलं पाणी कडीपत्त्याच्या झाडाला घातलं.

साहेब दारातच होते. तिला सांगावं की वाट तूच काढलीस, मी नुसतं नाव दिलं, असं त्यांच्या मनात होतं. पण पंचशीलाबाईच आधी बोलल्या.

"आदर्शचे पप्पा, तुमचं नाव राहिलं बरं."

हनवते साहेबांना नेमका शब्द सुचला नाही. त्यांनी पुढं होऊन तिच्या दुखऱ्या हातातली रिकामी बादली घेतली आणि आत नेऊन ठेवली.